डावा ढोल

प्रिय खारुताई,

रविवारी फोनवर तू पुन्हा तेच विचारलंस, बाबा, तिथलं आवरून माझ्याकडे राहायला येताय ना, आणि मी पुन्हा नन्नाचा पाढा वाचला. वर कारण दिलं की गवत कापायला आलंय, यंत्राची देखभाल व्हायचीय, आत्ता कसलं येणं. तू नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवलास. तुझं ते ‘बरं’ थेट आईवर गेलंय, त्यापेक्षा भांडलीस तर परवडतं. म्हटलं, सविस्तर लिहावं, म्हणजे म्हातारा नुसता हट्टाला पेटलेला नाही एवढं तरी तुला पटेल.

तर गवत कापायचं यंत्र शेडमधून बाहेर काढलं, ट्रॅक्टरला जोडून उचललं, खाली लाकडी ठोकळे लावले आणि ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात टाकली. ठोकळे लावल्याशिवाय खाली हात घालत नाही, तेव्हा उगाच काळजी करू नकोस. मागच्या हंगामातलं गवत यंत्राच्या फिरत्या ढोलांना असं चिकटून वाळलं होतं की खरवडता खरवडता जीव मेटाकुटीला आला. गिअरबॉक्सचं ऑइल बदललं, बेल्ट ताणून पाहिले, शाफ्टच्या सांध्यांना ग्रीस भरलं. ग्रीसगन हातात घेतली की तू आठवतेस. तुझ्याकडे ते काम दिलं की ग्रीस सांध्यात कमी आणि फ्रॉकवर जास्त जायचं. उद्योग तुझे आणि बोलणी मी खायचो.

मग राहिली ढोलांच्या तळाची पाती. तुला आठवत असेल, आपल्या यंत्राचे दोन ढोल एकमेकांच्या उलट फिरतात, म्हणून त्यांच्या पात्यांचा पीळही उलटा असतो. डाव्याची वेगळी, उजव्याची वेगळी. डाव्या ढोलाशी आई बसायची, उजव्याशी मी. असं काही ठरवलेलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात डावीकडे झाडाची सावली होती म्हणून ती तिकडे बसली, आणि तेच कायमचं झालं. मध्ये यंत्राचं धूड, त्यामुळे तोंडं दिसायची नाहीत, पण तिचा पट्टा चालू. कोणाच्या सुनेनं काय केलं, माझ्या बहिणीनं कोणत्या लग्नात नाक मुरडलं, आणि मध्येच मला टोमणा, की बोल्ट आवळताय का गोंजारताय. शेवटी माझ्या बाजूला येऊन माझे सगळे बोल्ट स्वतः पान्यानं तपासायची. माझा संताप व्हायचा. एकदा तर पाना आपटून मी निघून गेलो होतो, आणि परत आलो तेव्हा बाईसाहेबांनी माझंही काम उरकून ठेवलं होतं.

ती गेल्यावरचा हा पहिलाच हंगाम. या वेळी उजवीकडचं संपवलं, स्टूल उचललं आणि डावीकडे जाऊन बसलो. नवी पाती, नवे बोल्ट, सगळं घट्ट आवळलं. काम झटपट उरकलं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फेरा मारून मागे वळून पाहतो तो काय, एक पट्टा वस्तऱ्यानं काढल्यासारखा साफ आणि शेजारचा नुसता दाबून आडवा झालेला. उतरलो, ठोकळे लावून खाली पाहिलं. दोन्ही ढोलांना मी उजवीच पाती बसवली होती. डाव्या पात्यांचं पुडकं शेडमध्ये होतं तसंच बांधलेलं. अगं, दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी त्याची अक्कल काढली असती. पण इतक्या वर्षांत डावं पातं मी कधी हातातच घेतलं नव्हतं. हातांना फक्त माझं अर्धं काम ठाऊक.

तेवढ्यात दूधवाला गवत न्यायला आला. म्हणाला, काका, अर्धीच हजामत केलीत की. मीही हसलो. त्याला काही उत्तर द्यावं म्हणून तोंड उघडलं, तर आवाज घोगरा, धड फुटेना. दोन दिवस कुणाशी बोललोच नव्हतो. तो गेल्यावर मी तिथेच बांधावर बसलो आणि मला रडू आलं. आई गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं, कुणाला चहा हवा, कुणाला अंथरूण. रडायचं राहूनच गेलं होतं. त्या दिवशी ते सगळं निघालं.

पाती बदलली, आता यंत्र छान चाललंय. पण घरात आलं की मन लागत नाही. ओट्याशी उभ्या उभ्याच जेवतो, कारण एकट्यानं टेबल मांडून बसायचा कंटाळा येतो. रेडिओ दिवसभर चालू ठेवतो, त्यातली बातम्यांची बाई चुकली की तिला मोठ्यानं सुनावतो. फार एकटं वाटतं, खारुताई. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

न येण्याची कारणं लिहायला बसलो होतो, आणि हे असं झालं बघ. यंत्र आणि गवताचं रान दूधवाल्यानं सांभाळावं असं त्याच्याशी कालच बोललो, तो तयार आहे. फोनवर हे मला जमणार नाही. तू विचारलंस की सवयीनं ‘नाही’ असंच तोंडातून निघतं, आणि ‘हो’ म्हणायला गेलो तर रडू फुटेल, तू घाबरशील. म्हणून पत्र. कापणी संपली की गाडी घेऊन ये. दारात उभा राहून मी पुन्हा नाही म्हणेन, छप्पर गळतंय म्हणेन, गुडघ्याला प्रवास सोसत नाही म्हणेन. तू माझं काही एक ऐकू नकोस. मला घेऊन जा.

तुझाच,
बाबा