आमचे व्हर्जिल पुतळा झाले त्याची हकीकत

प्रिय एमेटदादा,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. अ‍ॅरिझोनाच्या उन्हात ते नीट वाकतात का, ते कळव. वहिनींना माझं प्रेम सांग (त्यांच्या मांजराला सोडून). इकडे नेब्रास्कात वारा सोडला तर सगळं क्षेम आहे.

गुरं विकल्यापासून आमचे व्हर्जिल खिडकीशी खुर्ची टाकून रिकाम्या कुरणाकडे बघत बसायचे, हे तुला ठाऊकच आहे. जेवायला हाक मारली तरी हूं की चूं नाही. मला मनातून धास्तीच वाटायला लागली होती. त्यात गावातल्या जुन्या कोठारात अर्डिथबाईंनी गुराख्यांचं संग्रहालय काढलं. खोगिरं, गुरांना डाग द्यायच्या सळया, काटेरी तारेचे तुकडे (आपण उपटून फेकायचो तेच, आता काचेत!) आणि लाकडी घोड्यावर बसवायला प्लास्टरचा गुराखी. उद्घाटनाच्या सकाळी तो उतरवताना त्याचं मुंडकं निखळलं आणि गडगडत पाद्रीबाबांच्या मोटारीखाली गेलं. बाई रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, "रडता कशाला? माझ्या घरी एक आहे, तोही हलत नाही."

तर शिडी लावून व्हर्जिलना घोड्यावर चढवलं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही अशी शपथ घातली. मिशीवर माशी बसली तरी पठ्ठ्या ढिम्म! एक आजीबाई म्हणाल्या, "हुबेहूब आहे हो, पण जरा जास्तच म्हातारा घडवलाय." तेही ह्यांनी गिळलं. मग आला ड्वेन रडॉक, नातवंडांची पलटण घेऊन. (कुंपणावरून भांडण होऊन ज्याच्याशी ह्यांनी बोलणं टाकलं होतं, तोच.) घोड्यासमोर उभा राहून सांगायला लागला, की त्या मोठ्या हिमवादळात दोन्ही घरची गुरं तुमच्या या आजोबांनी एकट्याने परत आणली. झालं! वरून गर्जना झाली, "थापाड्या! तू चुलीमागे घोंगडी पांघरून बसला होतास! गुरं आणली मी!"

ड्वेन किंचाळून मागे सरला तो थेट गुरांच्या हौदात बसला. (खरेपणा यावा म्हणून बाईंनी तो काठोकाठ भरला होता.) नातवंडांनी टाळ्या पिटल्या. हौदातूनच तो ओरडला, "अरे जा रे! तू तर फक्त दुसऱ्या दिवशी जेवायला उगवलास!"

"थांब, उतरू दे मला!"

पण उतरतात कसले? कंबर धरली होती. शेवटी निथळत्या ड्वेननेच त्यांना हात देऊन उतरवलं, आणि मग दोघे संध्याकाळपर्यंत भांडले. खोगिरांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता बाईंनी तिथे दोन खुर्च्याच मांडल्यात. रोज दुपारी भांडण असतं, शेजारच्या गावांतूनही लोक ऐकायला येतात. आमचे हे दाढी करून, शीळ घालत निघतात. काल तर मी भाजलेला अख्खा अ‍ॅपल पाय उचलून नेला, म्हणे भांडताना ड्वेनला भूक लागते!

तुझी,
लोर्ना

ता. क. आता अर्डिथबाईंच्या मनात आलंय, की साक्षीदार बोलावून या वादाचा जाहीर निकाल लावावा. त्या वादळात तू आमच्याकडे मुक्कामाला होतास, त्यामुळे आमंत्रण तुलाच येईल. जरूर ये, आणि "मला काही आठवत नाही" एवढंच सांग.

आणखी एक. आमच्या चुलीमागे दोघेही होते आणि गुरं मी आणली, हे तू डोळ्यांनी पाहिलंयस. पण दादा, लग्नानंतर आत्ता कुठे मला दुपारची झोप मिळायला लागलीय. तुझ्या खरेपणापायी ती घालवू नकोस.