लेहला न्यायचे बूट

९ नोव्हेंबर
दुपारी काकासाहेबांचा फोन. मूळचे फुलंब्रीचे, वाळूजला यशवंतांच्याच कारखान्यात, मशीन दुरुस्तीच्या शॉपमध्ये होते. आता लेहच्या पुढं कुठंतरी रस्त्याच्या कामावर फोरमन. थंडीत मशीनचे हायड्रॉलिक पाइप तडकतात, दुरुस्ती उघड्यावर, मेकॅनिक टिकत नाही. "येतो," म्हणाले यशवंत. माझ्याकडं बघितलंही नाही. बोलणं झाल्यावर विचारलं, "मीरा, लोकरीचे मोजे आहेत का गं आपल्याकडं?"
आपल्याकडं! इथं स्वेटर निघतात ते हवा लागावी म्हणून.
काकासाहेबांची एकच अट. बूट घरूनच घेऊन यायचे, लेहला मापाचे मिळतील याचा भरवसा नाही.
शॉप बंद झाल्यापासून माणूस आज पहिल्यांदा शिट्टी वाजवत होता. मी तालुका पान लावायला पेपरच्या ऑफिसला गेले. सिल्लोडची मक्याची बातमी उशिरा आली.

११ नोव्हेंबर
बजाजनगरला सलीमभाईंच्या दुकानात. अर्धं वाळूज यांचेच सेफ्टी शूज घालतं. लेह म्हटल्यावर हसले.
"भाभी, अपने इथं बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. साहेब कुठं चालले मरायला?"
"मरायला नाय, पाइप बदलायला," यशवंत.
आठ नंबर, स्टील टो म्हणजे बोटांवर लोखंडी टोपी, घट्ट. यांच्या शॉपमधल्या सगळ्यांची हीच रीत. बूट आवळूनच घ्यायचा, चामडं नंतर सैल होतं, ढिला बूट शिडीवर दगा देतो. पाय घातला आणि लगेच म्हणाले, "बसला." चालून बघा म्हटलं. चालले. "बसला." सलीमभाईंनी गंमत म्हणून नऊ नंबर पुढं केला. तोही "बसला."
"साहेब, दोघी कशा पसंत पडतील? एकीलाच कबूल म्हणा."
दुकानातले सगळे हसले. यशवंतही. मला हसू आलं नाही, का ते तेव्हा कळलं नाही.
आठ नंबर घेऊन आलो.

१२ नोव्हेंबर
आज सकाळपासून ते नवे बूट घरात घालून फिरतायत. चामडं सैल व्हावं म्हणून. फरशीवर ठक ठक.
दसऱ्याच्या आधीची गोष्ट आठवली. त्यांचा जुना बूट झटकताना आतून एक नट पडला होता. बारीक, पण नट. मोज्यावर त्याचा ठसा होता, म्हणजे बराच वेळ आत असणार. "आत्ताच पडला असेल," म्हणाले. मी सोडून दिलं.
आठही बसतो. नऊही बसतो.
बातमी असती तर दुसऱ्या कुणाकडून खातरजमा केल्याशिवाय लावली नसती. घरातलं कसं कुणाकडून करायचं.

१३ नोव्हेंबर
केली.
ते स्टुलावर पाय ठेवून पेपर वाचत होते. बूट काढलेले, मोजे तसेच. मी शेजारी बसून प्रूफ तपासत होते. पेन्सिलीचं मागचं टोक उजव्या अंगठ्यावर टेकवलं. मग दाबलं. मग जोरात.
त्यांनी पान उलटलं.

१४ नोव्हेंबर
रस्त्याच्या ठेकेदाराच्या डॉक्टरकडून यशवंतांची तपासणी. रक्तदाब, छाती, साखर. गोळ्यांनी साखर आटोक्यात आहे. बूट काढायला कुणी सांगितलं नाही. "फिट" लिहिलेला कागद माझ्यापुढं धरला.
"पाय बघितले?"
"पायाला काय झालंय?"
"तुम्हाला कळत नाही पायाचं."
कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "कळतं. बधिर झालेत ते कळतं मला. सांगायचं नाय ठरवलं होतं."
"कधीपासून?"
"मागच्या दिवाळीपासून असंल. काय करणार होतीस तू? पेपरात छापणार होतीस?"
माझा आवाज चढला नाही. तीस ओळींत बसवायचं, पाच वाजता द्यायचं, या सवयीनं तो कधी चढत नाही. आज चढायला हवा होता. मी म्हटलं, तिथं बर्फात उभं राहायचंय, बोटं गेली तरी समजणार नाही तुम्हाला.
"आणि इथं सोफ्यावर बसून मला काय समजतंय, सांग? टीव्हीचा आवाज?"


१५ नोव्हेंबर
अबोला. स्वयंपाकात मीठ जास्त पडलं, तेही कुणी बोललं नाही.
ते आंघोळीला गेले असताना काकासाहेबांचा फोन. मीच घेतला.
"वहिनी, सांगा त्याला, स्टील टो आणू नको. लोखंड लई गारठतं, बोटांना थंडी लावतं. फायबर टो घे म्हणा. नंबर दोननं मोठा. दोन मोजे आणि वर बोटं हलवायला जागा पायजे. घट्ट बुटात रक्त फिरत नाय. गेल्या वर्षी मी बी आपला वाळूजसारखा आवळून घेतला होता."
मग?
"मग काय, बोटं ठणकायला लागली की पळायचं शेकायला. ठणकतात तवर भ्या नाय. ठणकायचं थांबलं की समजायचं, गडबड आहे."
पलीकडं वारा ऐकू येत होता.
"वहिनी? काय म्हणत होता का?"
सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम. बाथरूममध्ये पाणी ओतल्याचा आवाज येत होता, त्यांची शिट्टीही होती, परत सुरू झालेली.
"नाही, काही नाही. जेवलात का?" मी म्हणाले.

१६ नोव्हेंबर
काकासाहेबांचा निरोप सांगितला. सगळा. ठणकायचं थांबतं तेही.
मशीनचा बिघाड ऐकावा तसा शांतपणे ऐकला. मग विचारलं, "संध्याकाळी आहेस ना घरी?" मला सुट्टी होती, होते घरी.
दिवसभर चालून पाय सुजल्यावर, जुना पेपर जमिनीवर अंथरला, दोन दोन मोजे घालून त्यावर उभे राहिले. "काढ पेन्सिलीनं. पेन्सिल उभी धर, आत घालू नको." मी गुडघ्यावर बसून दोन्ही पायांभोवती रेघ ओढली. माझंच पान होतं, 'जिल्ह्यात हुडहुडी' टाचेखाली. त्यांनी कात्रीनं रेघेवरून कापलं आणि ते दोन कागदी पाय आठ नंबरच्या बुटांत सरकवले. दाबून बसवले. मग बाहेर ओढले.
करंगळीकडं कागद दुमडलेला. अंगठ्याकडं चुरगळलेला.
"जिथं हात जात नाय तिथं असंच बघतो आम्ही," म्हणाले. "फटीत काहीतरी घालायचं, काढायचं, त्याच्यावर काय उमटलंय ते वाचायचं."
दुमडलेला भाग बोटानं परत परत सरळ करत राहिले.
मग मोजे काढले. उजव्या करंगळीला फोड, फुटलेला, मोज्याला चिकटलेला. घरातच बूट सैल करताना झालेला. इतके दिवस त्यावरून ठक ठक.
मी पाणी गरम करायला उठले. ते म्हणाले, "गरम किती ते तूच बघ."

१७ नोव्हेंबर
आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडं. पट्टी केली. तळव्यावर बारीक तार टेकवून विचारत गेले, इथं? इथं? यशवंत डोळे मिटून. बहुतेक ठिकाणी उत्तर नाही, दोन ठिकाणी उगाच "हां" म्हणाले, तेव्हा तार लावलेलीच नव्हती.
डॉक्टर: जखम भरेपर्यंत बूट बंद. आणि जाऊ नका, असं मी लिहून देऊ शकतो. लिहू?
"नको."
"मग तिथं रोज तुमचे पाय कोण बघणार?"
यशवंतांनी पट्टीवर मोजा चढवला. रिक्षात म्हणाले, "आरसा नेतो. दर चहाच्या सुट्टीला बूट काढून डोळ्यांनी बघतो. डोळे चांगलेत माझे." मी म्हटलं, वाऱ्यात, बर्फात, मशीन उघडं टाकून बूट काढाल? खरं सांगा.
"नाय काढणार," म्हणाले.

१८ नोव्हेंबर
काही नाही. पट्टी. पानात दोन चुका राहिल्या. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

२० नोव्हेंबर
मी एकटीच बजाजनगरला जाणार होते, तर चपला घालून तेही निघाले. आठ नंबर परत. सलीमभाईंनी कुरकुर न करता घेतले, कारण विचारलं नाही. दहा नंबर, फायबर टो, आत लोकरीचं अस्तर, मी फोन करून मागवून ठेवलेला एकच जोड.
यशवंतांनी पाय घातला नाही. खिशातून नवे कापलेले कागद काढले, सरकवले, काढले. सपाट गेले, सपाट आले.
सलीमभाई बघत होते. "साहेब, कागद को तो फिट आ गया. पाय को?"
"ते हिला विचारा."
या वेळी कुणी हसलं नाही. निघताना सलीमभाई हळूच म्हणाले, "भाभी, माझ्या अब्बांचे बी असेच होते पाय."

२१ नोव्हेंबर
जखम कोरडी होतेय. डॉक्टरांच्या मते, वाटलं होतं त्यापेक्षा बरी.
संध्याकाळी म्हणाले, "काकाला सांगितलं तर तो नको म्हणंल."
"हो."
"नाय सांगितलं तर पाय बघायला तिथं कुणी नाय."
"हो."
"तू सांग की मग. त्या दिवशी त्याच्याशी बोललीस तवा का नाय सांगितलंस?"
म्हटलं, तुम्ही शिट्टी वाजवत होतात.
माझ्याकडं बघत बसले. मग उठून कुकरची वायसर बदलली. बदलायची गरज नव्हती.

२२ नोव्हेंबर
तिकीट काढायचं की नाही, काकासाहेबांना आज कळवायचंय. यशवंतांनी सकाळी दोनदा नंबर लावला, दोनदा कापला. मी लक्ष नसल्यासारखी भांडी घासत होते.
आत्ता, ऑफिसला निघायच्या आधी. ते बाहेर पायरीवर, अनवाणी, शेजारी दहा नंबरचा जोड. तिसऱ्यांदा लावला. आधी हवापाणी, मग कुठल्याशा पंपाचं. मग: "काका, एक सांगायचं राहिलं. पायाचं."
मी नळ बंद केला.
ते हळू बोलत राहिले, पाठमोरे. मला एकच शब्द नीट ऐकू आला, 'बधिर'. मग ते थांबले. पलीकडून काकासाहेब बोलत असावेत, बराच वेळ. यशवंत नुसतं "हां... हां..." मान हलली, पण होकाराची की कशी, ते पाठीकडून कळेना.
फोन कानाला तसाच धरून त्यांनी दुसऱ्या हातानं उजवा बूट उचलला. कागद बाहेर काढला, उजेडात उलटा-सुलटा करून बघितला आणि पुन्हा आत सरकवला.
पान पाचला द्यायचंय. मी अजून इथंच उभी आहे.