पौर्णिमेची ओटी

।। ॐ नमः शिवाय ।।

सोलापूर,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १९४७
मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अक्कम्मा हिस,
अण्णाचे अनेक शुभाशीर्वाद.

तुम्हां सर्वांचे क्षेम असो. करकंबहून तुझ्या मल्लिनाथने पाठवलेला केळीचा घड पोचला. केळी फार गोड होती, असे सगळे म्हणतात. तुझ्या नातीचा ताप उतरल्याचे वाचून समाधान वाटले. तुझ्या वहिनीचे गुडघे थंडीत कुरकुरतात, पण तिचा आवाज पूर्ववत आहे.

अक्षर थोडे हलले आहे, त्याचा राग मानू नये. आज लिहायला मेज नाही, पुठ्ठ्यावर कागद ठेवून लिहितो आहे.

फोन का केला नाही, असे तू विचारशील. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग मला हवे ते राहून जाते. पत्रात तुला मला शेवटपर्यंत ऐकावे लागते.

येत्या पौर्णिमेला बारा वर्षे पूर्ण होतात. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताच तू शेजारच्या खोलीतून निरोप धाडला होतास, तो मला अजून ऐकू येतो: ‘अण्णाला सांगा, म्हणावं, माझी लेक तुमच्या घरी दिलीय. नीट नांदवा.’ किडनीला लेक म्हणणारी बाई त्या डॉक्टरांनी प्रथमच पाहिली असावी. पुढल्या मार्गशीर्षी पौर्णिमेला तू खण, नारळ, तांदूळ घेऊन दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘लेक पडद्यात राहती, म्हणून वहिनीच्या पदरात भरते.’ मी, आयुष्यभर संस्कृत शिकवलेला मनुष्य, लाजेने माडीवर जाऊन बसलो होतो. दान दिल्यावर दात्याने त्याची चौकशी करू नये, असे शास्त्र मी तुला तेव्हा ऐकवले. तू काय म्हणालीस? ‘तुमचं शास्त्र बाप्यांनी लिवलंय, अण्णा. लेक दिली की आई इचारणारच की!’ त्यानंतर दर फोनला तू विचारत आलीस, ‘आमची पोरगी नांदतीय न्हवं?’ आणि मी सांगत आलो, ‘नांदते.’

भाऊबीजेलाही तेच सांगितले.

त्या दिवशी नातीच्या तापामुळे तू आली नव्हतीस. फोनवर बोलताना मागे घंटी वाजली आणि तू विचारलेस, ‘कसला आवाज?’ मी म्हणालो, बँकेत आलो आहे, टोकनाची घंटी आहे. शेजारून कोणी मोठ्याने हसले, तेव्हा ते बँकेचे शिपाई आहेत असेही सांगितले. अक्कम्मा, ती बँक नव्हती. भाऊबीजेच्या दिवशी बँकेत कोण जातो, एवढेही मला सुचले नाही. आणि ते शिपाई नव्हेत. त्यांचे नाव इमामसाब. पूर्वी ट्रक चालवत. त्यांचा पलंग माझ्या पलंगाला लागून आहे. तू फोन ठेवल्यावर ते म्हणाले, ‘गुरुजी, बँक म्हणालात ते बरोबरच की. आठवड्याला तीनदा हजेरी, अन् जमा कायबी करत न्हाईत, नुस्तं काढूनच घेत्यात!’ तेव्हापासून ते स्वतःला शिपाई म्हणवतात आणि परिचारिकेला मॅनेजरीणबाई.

आता तुला समजले असेल. श्रावणापासून मी पुन्हा डायलिसिसवर आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. हे पत्र तिथूनच लिहितो आहे. डाव्या हातात सुया आहेत, तो हलवता येत नाही. उजवा मोकळा आहे. श्रावणात मठात पोथी वाचायला बसलो नाही, तेव्हा घसा बसल्याचे मी तुला कळवले होते. घसा उत्तम होता. केळी मला वर्ज्य आहेत. ती इमामसाबांच्या घरी गेली. पाणीही मोजके. पूजेचे तीर्थ आता ओठाला लावण्यापुरते घेतो. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतो, तेव्हा मनगटापाशी सुयांसाठी जोडलेली शीर सतत थरथरत असते. आरंभी चित्त ढळे. आता त्या थरथरीसह बसतो.

तू काय म्हणशील हे मला ठाऊक आहे, आणि त्याच भयाने मी इतके दिवस लपवले. तू म्हणशील, ‘माझंच कायतरी कमी पडलं.’ म्हणून डॉक्टरांना मी तीन वेगवेगळ्या प्रकारे हाच प्रश्न विचारला. ते कंटाळले, पण उत्तर बदलले नाही: दुसऱ्याची किडनी अशीच हळूहळू थकते, देणारीत दोष नाही आणि घेणाऱ्याने गोळ्याही चुकवल्या नाहीत. उपवासाच्या दिवशीसुद्धा मी गोळी घेतली आहे; तुझी वहिनी साक्षीला आहे. बारा वर्षे तुझ्या लेकीने या घरात एक दिवसही अंग चोरले नाही. मी दोन नातवंडांची अक्षरे गिरवून घेतली, घागरीभर पाणी प्यालो, हे सर्व तिच्या कष्टावर.

किडनीसाठी मल्लिनाथचे नाव काढू नकोस. दुसरी लेक मागण्यासाठी हे पत्र नाही. माझ्या वयाला हे यंत्र पुरे आहे. ते नीट चालते. दुसऱ्या दिवशी थकवा असतो. संध्याकाळी मात्र मी वाचायला बसतो.

खरे तर यंदा येऊ नकोस, घराला रंग देणार आहोत, असे मी तुला कळवणार होतो. यंदा पौर्णिमा गुरुवारी आहे आणि गुरुवार माझे राहिलेले नाहीत. तुझ्या वहिनीने ते ऐकले आणि पोळपाटावरचे लाटणे खाली ठेवले. ‘रंग कसला देताय? तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. पदर माझा आहे. खोट्याची ओटी मी त्यात घेणार नाही.’ एवढेच बोलली आणि पुन्हा पोळी लाटू लागली.

तेव्हा ये. एस.टी.तून उतरून सात रस्ता चौकात रिक्षाने ये. वहिनी तिथे थांबेल आणि तुला दवाखान्यात आणील. सुया पाहून घाबरू नकोस. इमामसाब तुला हसवतील. तुझी कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली आहे. परवा विचारत होते, ‘लेकीची आई कवा येणार?’

एक गोष्ट राहिली. डॉक्टरांना मी विचारले होते, आता ती काढून टाकणार का? ते म्हणाले, त्रास देत नसेल तर काढत नाहीत, आहे तिथेच राहू देतात. मला हे ऐकून किती बरे वाटले, ते कोणाला सांगितले नाही; तुला सांगतो. ती माझ्या उजव्या कुशीत आहे आणि माझ्याबरोबरच जाईल.

काम थांबलेल्या लेकीची ओटी भरावी की नाही, हे मी पुष्कळ शोधले. शास्त्रात सापडले नाही. ते तू ठरव. मी एवढेच सांगतो की वहिनीचा पदर तयार आहे आणि या खेपेस मी माडीवर जाणार नाही.

तू विचारशील, म्हणून आधीच लिहितो. ती थकली आहे, अक्कम्मा. घरातच आहे.

तुझ्या लेकीच्या सासरचा,
अण्णा
(गुरुबसप्पा)