करकोच्यांसह आजोबा

बिश्केक, रविवार

आदरणीय सूयुनमामा, आणि भर पंगतीत ‘मग तू पुढे होणार कोण?’ या प्रश्नानं ज्यांच्या तोंडातला घास फिरला अशा आपल्या गोतावळ्यातल्या सर्व पीडितांनो! (मोजून पाहिलं, आपण दोघंच निघतो. तरी अनेकवचन राहू द्या; अन्यायाला गर्दी शोभते.)

तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला गेला का? घोडी व्याली का? मला काही नको आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण भाच्याचं पत्र आलं की मामा तबेल्याला कुलूप लावतो. भाच्यानं मागितलेलं मामानं नाकारायचं नाही, हा आपल्याकडचा कायदा; पण तो हक्क मी सातव्या वर्षीच तुमचं काळं शिंगरू मागून वापरून टाकला. तेव्हा निर्धास्त वाचा.

बाबांकडच्या आजोबांच्या ऐंशीच्या वाढदिवसाला तुम्ही येऊ शकला नाहीत (गाय अडली होती म्हणे; गुरांच्या डॉक्टरला हे कारण बरं असतं), म्हणून खरी हकिकत माझ्याकडूनच ऐका. बाकीचे हसत सांगतील.

चित्रकला शिकायला लागून मला चार वर्षं झाली. या चार वर्षांत बाबांनी मला जकात नाक्यावर चिकटवायचा प्रयत्न केला आणि काकांनी दातांचा डॉक्टर करायचा. (‘दात सगळ्यांचे पडतात रे एर्मेक, चित्रं कोणाची पडतात?’) मी त्यांना उभं राहून सांगितलं की गुहेतल्या माणसानं भिंतीवर पहिला बैल काढला, तेव्हा त्याला कुणी पेन्शनचं विचारलं नव्हतं! काका म्हणाले, ‘म्हणूनच तो गुहेत राहिला.’ यावर मी जे भाषण केलं ते उत्कृष्ट होतं, पण तोवर मांस आलं आणि श्रोते गेले.

आता मूळ गोष्ट. दोन वर्षांपासून मी दुपारी इथं एका दगडवाल्याकडे काम करतो. थडग्याच्या काळ्या दगडावर गेलेल्या माणसाचा चेहरा कोरायचा. नातेवाईक जुना फोटो आणून देतात. मी त्यात मंद हसू भरतो, नजर जरा लांब लावतो, मागे डोंगर काढतो आणि उजव्या कोपऱ्यात उडणारे तीन करकोचे. छातीखाली काही नाही. हे मला फार सोयीचं, कारण मामा, तुमच्यापासून काय लपवायचं, मला माणसाचे हात काढता येत नाहीत. माझी सगळी माणसं हात खिशात घालून उभी असतात. आमच्या चित्रकलेच्या गुलमीराबाई विचारतात, ‘एर्मेक, तुझ्या चित्रांत बारा महिने थंडीच असते का?’

तर आजोबांच्या ऐंशीला बाबांनी पहिल्यांदाच मला चित्र काढायला सांगितलं. म्हणाले, ‘चार वर्षं काय शिकलास ते गावाला दिसू दे.’ मी जीव ओतला. ताजा कॅनव्हास, उत्तम रंग. तंबूत दोनशे माणसं. आजोबा मानाच्या जागी, पुढ्यात मेंढीचं डोकं. बाबांनी अभिमानानं कापड ओढलं.

मंद हसू. लांब लागलेली नजर. डोंगर. तीन करकोचे.

मग कोपऱ्यातल्या बुबुषआजींनी (नजर अधू, गळा शाबूत) मेल्या माणसासाठी गातात तो विलाप सुरू केला. बायका सामील झाल्या. दोनशे माणसांनी सवयीनं तळवे उघडून दुवा मागितला आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. आजोबांनीही फिरवला! मग मेंढीचा कान कापता कापता त्यांनी शेजारी विचारलं, ‘कोण गेलं रे?’

मला वाटलं, आता मलाच पुरतात. पण आजोबा चित्राजवळ गेले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘पोरा, इतका शांत मी जन्मात कधी दिसलो नाही. हे दगडावरच करून टाक. मागून तुम्ही भलताच फोटो लावाल.’

आणि इथं घात झाला. गावातले सगळे म्हातारे रांगेत उभे राहिले. कोणाला टोपी तिरकी हवी, कोणाला बायकोपेक्षा मोठा दगड हवा. संध्याकाळपर्यंत यादीत अकरा नावं. बाबांच्या डोळ्यांत पाणी. ‘होणार कोण’चं उत्तर मिळालं! त्यांनी कोठार रिकामं केलंय, पहिला दगड मागवलाय, आणि उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी ते विद्यापीठात येऊन माझे कागद काढून नेणार आहेत. एक वर्ष उरलं असताना! मेलेल्यांवर माझा राग नाही, मामा. पण मला जिवंत माणसं काढायची आहेत, हातांसकट. शेवटच्या वर्षाचं चित्र तेच असतं: पूर्ण माणूस, काहीतरी करत असलेला. ते जमलं नाही तर मी आपणहून कोठारात जाऊन बसेन. पण एकदा हरून तरी बघू द्या!

असो. मामींना नमस्कार. मला काही नको.

तुमचा भाचा,
एर्मेक

ता. क. शिंगरू त्याच शरद ऋतूत मेलं होतं. तेव्हा हक्क वापरला गेला असं कायद्यानं म्हणता येणार नाही.

ता. क. २. यादीत आता बारावं नाव तुमचं आहे. बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेली चिठ्ठी मिळाली: ‘मला अकॉर्डियन वाजवताना काढ. तुझ्या मामीला सांगू नको.’ गुरांचं कॉलेज लागल्यावर तुम्ही ते विकलंत, हे आईनं मला एकदा सांगितलं होतं. मामा, अकॉर्डियन हातांनी वाजवतात. आज काढलं, तर ते तुमच्या छातीवर आपोआप वाजत असेल. मला वर्ष द्या. माझं शेवटचं चित्र तुम्हीच असाल, दहाही बोटांसकट, आणि करकोचे नसतील.

ता. क. ३. म्हणून शनिवारी आमच्या घरी या. आईच्या माहेरचा माणूस मानाच्या जागी बसून जेवला नाही, तर बाबांना गावात तोंड दाखवता येणार नाही, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. आई मेंढी कापणार आहे, तुमच्या आवडत्या शेपटीच्या चरबीसकट. तुमची परीक्षा मला कळते. पण ‘जाऊ दे, पोराला वर्ष पुरं करू दे’ हे शब्द बाबांच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत, मामा, मांसाला हात लावू नका!