कौल न लावता

पौष वद्य ५, शके १८६७
काल सकाळी देव हलवला. गावात प्लेगाचे उंदीर पडू लागले तशी माणसे, गुरे, कोंबड्या सगळी माळावर झोपड्यांत गेली. भैरोबा तेवढा मागे होता. गुरव मी, म्हणून मुखवटा मीच धुतला, पालखीत बसवला. देवळाच्या ओवरीत साखळीला बांधलेले हणमा आणि सखू. पालखी त्यांच्या पुढून गेली. हणमा लढाईवरून आलेला. टाचा जुळवून त्याने देवाला सलाम ठोकला. सखू म्हणाली, "देवा, परत कवा येनार?"
पालखीबरोबरचे कोणी थांबले नाही. मीही नाही.

वद्य ६
दोघांना माळावर आणू का, पाटलांना विचारले.
"सुटं वेडं झोपडी झोपडी हिंडंल. मेल्या उंदराला हात लावून आलं तर?" मग म्हणाले, "आवं गुरव, रीत तुमचीच हाय. कौल लावा. देव देतोय तर आणा."
रीत आजोबांपासूनची. डोके फिरलेल्याला घरचे देवापाशी आणून बांधतात. उजवी पाकळी पडून उजवा कौल झाला की मी कुलूप काढतो. सगळ्यांसमोर मुखवट्याच्या दोन्ही गालांना भिजल्या पाकळ्या लावल्या. डावी पडली. लोकांना हायसे वाटले, तोंडावर दिसत होते.
जेवताना बायको म्हणाली, "पाकळ्या तुमीच चिकटवता न्हवं?"
डावी जरा कोरडी राहिली होती. का राहिली, हे...

वद्य ८
पाटलांनी ठरवून दिले. सकाळी एकदा ओवरीच्या पायरीपर्यंत जायचे, भाकरी-पाणी काठीने आत सरकवायचे, ओढ्यावर अंघोळ करून मग पूजा. आत पाय टाकला तर देवाला पुन्हा हात लावायचा नाही. पूर्वी दोघांना रोज न्हाऊ घालायचो, सखूचे केस विंचरायचो. आता काठी.
हणमा म्हणाला, "मामा, कुत्र्याला बी जवळ जाऊन घालत्यात."
टोचणीवाला माळावर आला होता. सगळ्यांना टोचले. ओवरीतल्या दोघांचे सांगितले. "त्यांना धरणार कोण? सुई मोडंल," म्हणाला आणि पेटी मिटली. मी धरतो म्हणायला हवे होते. पाटील शेजारी उभे होते.

वद्य ११
सखूला ताप. काखेत गाठ. तिच्या भावाला कवठे महांकाळला निरोप धाडला. आला नाही.
हणमाने आपला तांब्या पायाने तिच्याकडे लोटत नेला होता. साखळी हातभर कमी पडली, तांब्या कलंडला, पाणी फरशीवर.
"माझी पोचंना, मामा. तुमी तर सुटं हायसा."
मी काठीनेच दुसरा तांब्या सरकवला. पूजा खोळंबली होती. पूजेत मंत्र चुकलो, दोनदा.

वद्य १३
सकाळी सखू गेलेली. हणमा तिच्या बाजूला तोंड करून बसलेला, साखळी ताणून.
पाटलांना वर्दी दिली. लांबूनच म्हणाले, "तिचं कुलूप काढा. तिला आता कौल नगं."
मेल्यावर नको. कौलावाचूनही कुलूप निघते, हे आधी कोणी सांगितले नाही. मीही स्वतःला सांगितले नाही.
उचलायला माळावरून एकही माणूस येईना. घंटा, पळी, मुखवटा धाकट्या भावाच्या हवाली केले. तो म्हणाला, "दादा, परत मिळायचं न्हाई हे." देवाला दुरून नमस्कार केला आणि किल्ल्या घेऊन ओवरीत चढलो. सखूचे कुलूप काढले. तिला धुतले, केस विंचरले. मग हणमापाशी गेलो.
"देवानं दिला व्हय कौल?"
"इचारलं न्हाई."
त्याने पाय पुढे केला. कुलूप गंजले होते, दगडाने ठोकावे लागले. सुटल्यावर त्याने घोटा चोळला.
"आता तुमास्नी बी बांधत्याल, मामा."
"बांधू देत. आधी हिला उचल."
डोक्याकडून त्याने धरली, पायांकडून मी.