पाचवं टिंब

प्रिय धाकट्या,

तुझं तिसरं पत्र परवा मिळालं. पहिल्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, कारण मला द्यायचं नव्हतं. उगीच टपालाला बोल लावू नकोस. आईच्या त्या शेवटच्या व्हिडिओ कॉलच्या अकरा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये ती काय म्हणतेय ते तुला हवंय. पुढच्या महिन्यात पुरस्कार घेताना भाषणात तिचे शब्द सांगायचेत म्हणे. ऑफिसातल्या दोघा हुशार माणसांना कामाला लावून तू तो व्हिडिओ स्वच्छ करून पाहिलास, तरी तिचे ओठ काही दिसेनात. ते वाचून मला हसू आलं. वाईट वाटायला हवं होतं, पण हसूच आलं. सांगते, पण माझ्या क्रमाने सांगेन. लहानपणी तू गोष्टीचा शेवट आधीच विचारायचास आणि आई लाडाने सांगूनही टाकायची. मी आई नाही.

तिला ऐकू येत नव्हतं, आवाज नव्हता, सगळं बोलणं नुसत्या ओठांचं. ती शर्टांना काजं करायची त्या कारखान्यात यंत्रांच्या गोंगाटात सगळ्याच बहिऱ्या, त्यामुळे तिथे आई सगळ्यांत हुशार. शाळेच्या पहिल्या दिवशी तू वर्गाच्या खिडकीला नाक लावून भोकाड पसरलं होतंस, आठवतं? ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून तुला ओठांनी गोष्ट सांगत होती. चांगला तासभर. मग कामावर उशिरा गेली आणि मुकादमाची बोलणी खाल्ली. मधून गाड्या जात होत्या, काचेवर धूळ होती, तरी तुला तिचा शब्द न् शब्द कळत होता. घरी आल्यावर तीच गोष्ट तू मला ऐट करत सांगितलीस.

तू बनवलेल्या त्या कोडेकच्या पापात मात्र मीही आहे, ते नाकारत नाही. तूच मला ऑफिसात चाचण्यांच्या कामाला चिकटवलंस. व्हिडिओ दाबून लहान करायचा आणि पलीकडे पुन्हा उलगडायचा, एवढंच कोडेकचं काम, पण तुझ्या तोंडून ऐकताना वाटायचं की तू सूर्यच उगवून आणतोयस. मी एकच व्हिडिओ पाच वेळा दाबायचे, दर वेळी डेटा कमी करत. किती डेटा लागला आणि चित्र किती चांगलं राहिलं, त्याचं आलेखावर एकेक टिंब. मग टिंबांमधून वक्ररेषा बसवायची. जुन्या कोडेकची एक, तुझ्याची एक, आणि दोन्हींच्या मधलं अंतर म्हणजे तुझा पराक्रम. चार टिंबांपर्यंत तुझी रेषा वर होती. पाचव्याला, सगळ्यांत कमी डेटाच्या टिंबाला, ती जुनीच्या खाली कोसळली. मी ते व्हिडिओ शेजारी शेजारी लावून पाहिले होते. जुना कोडेक तिथे चेहऱ्याचे ठोकळे करायचा, दिसायला भिकार, पण ठोकळ्यांमध्ये तोंड हलायचं. तुझ्या कोडेकमधला चेहरा मेणासारखा गुळगुळीत आणि तोंड मिटलेलं. तुला दाखवलं तर म्हणालास, ताई, हे एक टिंब सगळी रेषा नासवतंय, काढून टाक, एवढ्या कमी डेटावर व्हिडिओ बघतं कोण? मी काढलं. मलाही घरी जायची घाई होती. उरलेल्या चार टिंबांतून रेषा अशी काही देखणी बसली की सगळ्या मजल्याने टाळ्या वाजवल्या. एकतीस टक्के बचत. त्याच आकड्यासाठी तुझा सत्कार आहे.

एवढ्या कमी डेटावर व्हिडिओ कोण बघतं, ते मला गेल्या वर्षी इस्पितळात कळलं. आईचा वॉर्ड तळघरात, एक्स-रेच्या खोलीला लागून, भिंती हातभर जाड. तुला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा फोनवर सिग्नलची एकच काडी. तुझं चित्र आमच्याकडे कसंबसं येत होतं, पण आमचं तुझ्याकडे जाताना काय होत असेल ते मला दिसल्यासारखं माहीत होतं. म्हणून मी ओरडून विचारलं, तुला तिचे ओठ दिसताहेत का रे? तू म्हणालास, एकदम स्वच्छ. आपलाच कोडेक आहे, ताई. खोटारड्या. नाही दिसत म्हणायला तुझी जीभ रेटली नाही. मी बोलून दाखवू का म्हटलं, तर आईने हाताने मला गप्प केलं, हे आमचं दोघांचं आहे म्हणून. मग अकरा मिनिटं ती बोलत होती आणि तू मेणाच्या बाहुलीकडे बघून मान डोलावत होतास.

आता तुझा शेवट. डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन सांगितलं होतं, केलं तर दोन-तीन वर्षं मिळाली असती. तिला भीती वाटत होती, पण तुझ्यासाठी ती तयार होती. नवव्या मिनिटाला तिने तुला विचारलं, मी ते नाही केलं तर तुला चालेल ना? तू नाही म्हणालास तर ऑपरेशन करेन. तू दोनदा मान डोलावलीस, हसलास, वर अंगठाही दाखवलास. तिने फोनवर हात फिरवला. मी शेजारीच होते, सगळं वाचत होते, आणि तुला सांगितलं नाही. दोन वर्षं तिचं सगळं मी एकटीने काढलं होतं; तो होकार तुझ्या नावावर गेला तर जाऊ दे, असं वाटलं मला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नकाराच्या कागदावर सही केली आणि मला म्हणाली, त्याला विचारलंय मी. एकोणिसाव्या दिवशी गेली. बाकीची मिनिटं ती जे बोलली ते सगळं तुझ्याबद्दलच होतं, फार गोड होतं, आणि मला तोंडपाठ आहे. ते मी तुला कधीही सांगणार नाही. भाषणात सांगायचंच असेल तर एवढंच सांग, की तिने विचारलं आणि तू हो म्हणालास.

तुझीच,
ताई