भाऊबीजेपर्यंतचं पोट

१ सप्टेंबर, पाथरी
महालक्ष्म्या जेवल्या. मी नाही.
आक्कानं पाट मांडला, केळीचं पान, पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या. दोन घास घेतले आणि थांबलो. सकाळपासून तीनदा जाऊन आलो होतो, आणि पुढं परभणीपर्यंतची बस. म्हटलं, पोट बरं नाही. ती वाढायची थांबली, पोळी हातातच.
"वर्ष झालं हेच ऐकायलेय. भाऊबीजेला येऊन असंच पान चिवडणार असशील तर येऊ नको बापू. ओवाळायचं आन् उपाशी लावून द्यायचं, मला न्हाई जमायचं."
आई गेली तेव्हा मी सहावीत होतो. तेव्हापासून मला जेवू घालणं ती आपलंच काम समजते. धमकी नव्हती ती. तिला खरंच जमणार नाही.
निघताना येसराची, तिच्या हातच्या आमटीच्या मसाल्याची, बरणी मात्र पिशवीत घातलीच. राग वेगळा, येसर वेगळं.
पोट: कुपित. (आजपासून तीनच शेरे. प्रसन्न, उदासीन, कुपित. संस्कृत शिकलो त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.)

३ सप्टेंबर
एकादशी. साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी भगर आणि दाण्याची आमटी. लोकांचं पोट साबुदाण्यानं बिघडतं. माझं दिवसभर गप्प. कारण कळत नाही. नास्तिक असतो तर बरं झालं असतं, निदान देवाला श्रेय द्यायचा मोह झाला नसता.
पोट: प्रसन्न.

६ सप्टेंबर
दुर्बीण घालून झालेल्या तपासणीचा रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. डॉक्टर खूश, सौ. खूश. मीच एकटा नाखूश. वर्षभर ज्याच्यापायी हाल सोसले ते कागदावर नाहीच म्हणे.
"टेन्शन कमी करा." बरं. संपादकांना कळवतो.
पोट: कुपित.

९ सप्टेंबर
जिल्हा परिषदेची सभा. रस्त्याचा विषय निघाला नेमका तेव्हा मी बाहेर. परत आलो तर ठराव मंजूर, टाळ्या संपलेल्या. दुसऱ्या पेपरवाल्याकडून टिपणं घ्यावी लागली. तो हसून म्हणाला, "तुमी आजकाल आतल्या बातम्याच लय करायलाव."
जिल्ह्यातल्या सरकारी कचेऱ्यांच्या शौचालयांवर एक लेखमाला लिहू शकेन. कुठं कडी नाही, कुठं पाणी नाही, कुठली किल्ली शिपायाकडं असते. एवढा सखोल अभ्यास मी पदवीलाही केला नव्हता.

१२ सप्टेंबर
वडिलांचं श्राद्ध. कांदा नाही, लसूण नाही, म्हणून निर्धास्त जेवलो. खीर, उडदाचे वडे, पोळी. दुपारी चारला पोट ढोलासारखं. म्हणजे कांदा-लसणाचा दोष नाही? की खिरीचा? की गव्हाचा?
पाठशाळेतला जुना मित्र आता वैद्य आहे. फोनवरच निदान केलं, ग्रहणी. ताक पी. प्यायलो. ताकानं पिळून काढलं.
पोट: कुपित, दोनदा अधोरेखित.

१७ सप्टेंबर
मुक्तिसंग्राम दिन आणि एकादशी एकाच दिवशी. झेंडावंदन, भाषणं, सत्कार. दोन तास उभा राहिलो. एकदाही पाठीमागच्या दाराकडं बघितलं नाही. भाषणंसुद्धा ऐकली, हा त्यातला तोटा.
आता हा योगायोग नाही. एकादशीला मी जे खात नाही त्यातच काहीतरी आहे. सौ. म्हणाली, "मग रोज एकादशी धरा." थट्टेत म्हणाली, पण मी हिशेबाला बसलो. गहू नाही, तूर नाही, कांदा नाही.
पोट: प्रसन्न.

१९ सप्टेंबर
डॉक्टरांनी एका आहारतज्ज्ञ मॅडमकडं पाठवलं. वयानं माझ्या पुतणीएवढ्या, माहेर साताऱ्याकडचं. वही बघून आधी हसल्या (शेरे), मग गंभीर झाल्या. जे कळलं ते असं:
अन्नातल्या काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्याच जात नाहीत. तशाच पुढं जातात, जाताना पाणी ओढून नेतात. मोठ्या आतड्यात जंतू असतातच, ते त्यांना आंबवतात. वायू होतो, आतडं ताणलं जातं. होतं सगळ्यांचंच. ज्यांचं आतडं हळवं, त्यांना दुखतं, पळावं लागतं.
"म्हणजे माझ्या पोटात आंबील आंबते म्हणा."
"तसंच. फक्त तुम्हाला ती ऐकू येते."
आवडल्या मला.
बंद: गहू, कांदा, लसूण, तूर, हरभरा, दूध, ताक, मध, फुलकोबी. चालेल: ज्वारी, तांदूळ, साबुदाणा, भगर, शेंगदाणे, बटाटा, गाजर, काकडी. पातीच्या कांद्याची हिरवी पात चालते, खालचं पांढरं चालत नाही. एकाच झाडाचं डोकं पुण्यवान आणि पाय पापी.
आयुष्यभर नाही म्हणाल्या. काही आठवडे, पोट शांत होईपर्यंत. मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. काही तुम्हाला सोसतील, काही नाही, किती सोसतील तेही कळेल.
"मसाला कोणता वापरता?"
"घरचा. कांदा-लसूण नसलेला."
बरोबरची खूण केली.
भाऊबीज २३ ऑक्टोबरला. वेळ पुरेल.

२१ सप्टेंबर
दोन दिवस झाले. ज्वारीची भाकरी, भात आणि आक्काच्या येसराची आमटी. हे मला कसं आधी सुचलं नाही? येसराच्या आमटीत डाळ घालावी लागत नाही. पाण्याला फोडणी, येसर कालवायचं, उकळी. तूर नाही, कांदा नाही, लसूण नाही. जणू मॅडमच्या यादीसाठीच केलीय.
दोन्ही वेळा वाटी-वाटी. घट्ट.
चहा कोरा. प्रत्येक कचेरीत समजावून सांगावं लागतं. "साखर हाय का सायेब?" नाही. "मग दूध का बंद केलं?" काय सांगू. म्हटलं, अनुष्ठान आहे. लगेच पटलं, कपही धुऊन दिला.

२५ सप्टेंबर
कुपित.
पोहे खाल्ले नाहीत, भजी खाल्ली नाहीत, पत्रकार परिषदेतला समोसा हातानं सरकवला. तरी.

२७ सप्टेंबर
कुपित. शेतात पाणी, पिंगळीच्या बाजूला सोयाबीन काळं पडलंय, तिकडं जायचं होतं. फोनवर बातमी केली. लाज वाटली. डोक्यावर पोतं घेऊन पाण्यात उभ्या माणसाला मी फोनवरून विचारतोय की पाणी कुठवर आलंय. तो बिचारा सांगतोही. "गुडघ्यापस्तोर हाय बगा."
सौ. म्हणते चोरून खाता का बाहेर. पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा संशय घेतला, तोही समोशावरून.

३० सप्टेंबर
मॅडमना फोन. "अगदी सगळं पाळताय?" म्हटलं, पाठशाळेत एवढे नियम पाळले असते तर शास्त्री झालो असतो. त्या म्हणाल्या, धीर धरा, रोज खाल्लेलं सगळं लिहा, चिमूटभर असेल तेसुद्धा.
चिडून फोन ठेवला. चिमटीनं मोजून खायचं, ही काय राहणी झाली.

२ ऑक्टोबर
दसरा. आक्काचा फोन. सोनं घ्या वगैरे झालं. मग: "भाऊबीजेला येणारेस ना?"
"येणार."
"जेवणारेस?"
पलीकडं कुणाच्यातरी गाडीची पूजा चालली असावी, घंटा ऐकू येत होती.
"भरीत करते मग. कांदा न्हाई घालत. तेवढं तर चालंल?"
पोट: कुपित. मन: तेच.

३ ऑक्टोबर
एकादशी. प्रसन्न.
भगर, दाण्याची आमटी, बटाटा. इतर दिवशी भाकरी, भात, बटाटा, येसराची आमटी.
बराच वेळ ह्या दोन ओळींकडं बघत बसलो. बटाटा दोन्हीकडं. भातानं कधी त्रास दिला नाही. ज्वारी लहानपणापासून. उरलं काय?
नाही. ते नसावं.

४ ऑक्टोबर
सौ.ला विचारलं, येसरात काय काय असतं. ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "गहू, हरभऱ्याची डाळ, ज्वारी, धने, जिरं, खोबरं. भाजून दळायचं. का?"
काही नाही म्हटलं.
चाळीस वर्षं मी येसराला मसाला समजत आलो. ते पीठ आहे. भाजलेल्या गव्हाचं आणि हरभऱ्याचं. मॅडमनी दोन्ही पहिल्याच ओळीत लिहून दिलं होतं आणि मी ते रोज दोन वाट्या, घट्ट.

६ ऑक्टोबर
मॅडमकडं गेलो. बरणी घेऊन. येसर त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली. "सुंदर आहे." मग: "चमचाभर असतं तर कदाचित चाललंही असतं. तुम्ही जेवणच केलंत त्याचं."
चूक माझीच. "घरचा मसाला" म्हणून मोकळा झालो होतो. बातमीदारीत पहिल्या वर्षाच्या पोरालाही असलं उत्तर मी चालवून घेतलं नसतं.
"आजपासून मोजा. पोट दोन आठवडे शांत राहिलं की एकेक परत आणू. गहू वेगळा, हरभरा वेगळा. येसरात दोन्ही आहेत, म्हणून ते सगळ्यात शेवटी."
"भाऊबीजेआधी?"
"नाही."
बरणी परत आणून फळीवर ठेवली. तोंड भिंतीकडं करून. बरणीचं तोंड वर असतं हे माहीत आहे.

१० ऑक्टोबर
प्रसन्न. सलग तिसरा दिवस. पिंगळीला जाऊन आलो. त्या माणसाला भेटलो, फोनवरचा. पाणी ओसरलंय, शेंगांना वास मारायलाय. तासभर उभा होतो त्याच्यासोबत. त्यानं चहा दिला तर दुधाचा होता. त्याच्यापुढं अनुष्ठानाची थाप मारवेना. दोन घोट घेतले. काही झालं नाही.

१३ ऑक्टोबर
प्रसन्न. वजनही थोडं वाढलं असावं, सौ.ची थट्टा वाढलीय त्यावरून.
पण आक्काला सांगितलेलं नाही. काय सांगू? की तुझ्या हातचं खाल्लं नाही म्हणून रुसलीस, ते तर मी रोज खात होतो, आणि त्यानंच?

१५ ऑक्टोबर
आक्काचा फोन, आवाज खुशीत. "बापू, तुझं येसर संपलं असंल. दिवाळीचं नवं भाजायलेय आजच. ह्या बारीला डाळ जरा जास्त घेतली, तुला घट्ट आवडती म्हणून."
मी म्हटलं, वा.
वा म्हटलं मी. भित्रा.

१७ ऑक्टोबर
सौ.नं सांगून टाकलं. मला न विचारता, फोनवर, मी अंघोळीला गेलो असताना. "किती दिवस लपवणार? त्या काय परक्या हायेत?"
"काय म्हणाल्या?"
"काहीच नाही. हूं म्हणाल्या. ठेवते म्हणाल्या."
दिवसभर फोनकडं बघतोय. आक्का हूं म्हणणारी बाई नाही.

२३ ऑक्टोबर, पाथरी
दुपारचं लिहितोय, ओसरीवर. सगळं विसरण्याआधी.
ओवाळलं. पाट मांडलेला. ज्वारीची भाकरी, भात, वांग्याचं भरीत (हिरवी पात घातलेली, पांढरं काढून. सौ.नं यादी वाचून दाखवलेली दिसते). दोन वाट्या आमटी. एक नेहमीची, गडद. दुसरी जरा फिकी.
"ही तुझी. गहू न्हाई घातला. डाळ न्हाई. नुसती ज्वारी, तांदूळ, धने, खोबरं. तीनदा भाजलं. पहिल्या दोन बाऱ्या शेजारणीच्या शेळीला घातल्या."
खाल्ली. बरी होती. येसर नव्हतं ते. तिलाही माहीत होतं, माझ्या तोंडाकडं बघत होती.
"न्हाई ना आलं?"
"चांगलं झालंय आक्का."
"खोटं बोलायलास. लहानपणापासून तुला खोटं बोलता येत न्हाई, पेपरात कसं जमतं?"
मग मी दुसऱ्या वाटीकडं हात नेला. ती माझी नव्हतीच, तिची होती. तिनं वाटी ओढून घेतली. आजवर मला वाढायला पुढं येणारा तो हात.
"न्हाई. माझ्या हातचं खाऊन तू पडायचास. इतके दिवस पडलासच की. मला काय ठाऊक होतं का रे?"
ते "का रे" जरा वेगळं आलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.
म्हटलं, आक्का, विष नाही ते. पोट माझं हळवं, तुझं येसर नाही. थोडं सोसतं की नाही ते बघायचंच आहे, मॅडमनीच सांगितलंय. (शेवटी बघायचं सांगितलंय. आणि गहू, हरभरा वेगवेगळे. हे मी म्हणालो नाही. पेपरात असंच जमतं.)
तिनं चमचा घेतला, अर्धा भरला, अर्ध्यातलाही थोडा परत वाटीत सांडला आणि भातावर घातला.
"येवढंच. वर मागू नको."
चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं मला कमी वाढलं.
ती चव. बस.

२४ ऑक्टोबर, पाथरी स्टँड
सकाळ. रात्री काही झालं नाही. पण मॅडम म्हणाल्या होत्या, दुसऱ्या दिवशीही कळू शकतं. पोटात मगाशी काहीतरी हललं. ते येसर असेल, नसेल. वर्षभर प्रत्येक गुरगुरीचा अर्थ लावायची सवय लागलीय.
बस लागलीय. पिशवीत दोन बरण्या. एक फिकी, मोठी. एक गडद, औषधाच्या बाटलीएवढी. ती तिनं निघताना न बोलता घातली.
घरापासून स्टँडपर्यंत तीन फोन. तिन्हीत एकच वाक्य. "काय म्हणतंय रे?"
"अजून काही नाही."
"मानवत आलं की सांग."
कंडक्टर बोलवायलाय. वाटेतल्या मानवतच्या स्टँडवर शौचालय आहे, कडी आतून लागते. खिडकीजवळची जागा घेतली नाही, दाराजवळची घेतली.
पोट: